मल्लूची जीभ आणि माझी शाळा

माझ्या धाकट्या भावाचा, मल्लूचा, मी जेवढा हेवा केला तेवढा कुणी सवतीचासुद्धा करत नसेल. आता आम्हा दोघांचेही दात गेलेत, दोघंही सकाळी फोनवर एकमेकांना विचारतो, गोळी घेतली का, पोट साफ झालं का. नातवंडं म्हणतात, आज्जी, तुमचं दोघांचं किती जमतं! जमतं बाबा, आता काय बिघडलंय न जमायला. पण लहानपणी याच भावाच्या नावानं मी बोटं मोडलीत, आणि एकदा तर त्याचं वाटोळंच करायला निघाले होते. ते एकदाचं लिहून टाकते.

आमचं गाव मंठाळ. घरी शेती, तूर आणि जोंधळा. घरात अप्पा, अव्वा म्हणजे आमची आई, गुरम्माआत्या म्हणजे अप्पांची विधवा बहीण, आणि मी, काशी. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं. देवापुढं कानडी, भांडायला मराठी. मी चार वर्षांची होते तेव्हा रझाकारांची गडबड उठली आणि अर्धं गाव हद्द ओलांडून अक्कलकोटच्या बाजूला गेलं. तिथं एका आंब्याखाली, चार लुगडी आडवी बांधून, मल्लू जन्मला. सारा घोटाळा तिथंच झाला असं आत्या मरेपर्यंत सांगायची. कारण आमच्या मंठाळच्या सुईणीची एक रीत होती. ती डाव्या करंगळीचं नख कधी कापायची नाही. लेकरू जन्मलं, रडलं, की तोंडात करंगळी घालून जिभेखाली चाचपायची. तिथला पडदा पुढपर्यंत आलेला असला, जीभ खाली बांधल्यासारखी असली, तर नखानं टचकन तोडून मोकळी व्हायची. गावात कुणाचीच जीभ बांधलेली नव्हती ती तिच्या नखामुळं, असं बायका मानायच्या. माझी नात डॉक्टरीण आहे, ती हे ऐकून कानांवर हात ठेवते. म्हणते, आज्जी, त्या नखानं किती लेकरं धनुर्वातानं गेली असतील कुणी मोजलं? तिचंही खरं आहे. पण आंब्याखाली जी परकी सुईण आली तिनं नाळ कापली, लेकरू पुसून अव्वाच्या कुशीत दिलं आणि गेली. जिभेखाली कुणी बघितलंच नाही.

परत गावी आलो तेव्हाचा एक आवाज मला अजून ऐकू येतो. मल्लू अंगावर प्यायला लागला की टक, टक, टक असा आवाज यायचा. त्याची जीभ पुढं येऊन नीट धरायची नाही, सारखी सुटायची. अर्धं दूध हनुवटीवरून खाली. अव्वाच्या छातीला चिरा पडल्या होत्या. ती पदराचं टोक दातात धरून पाजायची आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. शेवटी आत्यानं बोंडलं काढलं, पाजायचं ते चोचीचं भांडं, आणि थेंब थेंब करून त्याच्या गालात दूध सोडायची. एक पोट भरायला सकाळची दुपार व्हायची, तेवढ्यात पुन्हा भूक. सगळं घर त्या एका तोंडाभोवती. मी "अव्वा, माझी वेणी" म्हणत उभी राहायची आणि अव्वा माझ्याकडं न बघता म्हणायची, "थांब गं माय, लेकराच्या पोटात काई न्हाई." आणि माझ्या पोटात? माझ्या पोटात भाकरी होती हे खरं, पण मला दुखायचं ते भाकरीचं नव्हतं.

मल्लिकार्जुन! एवढं लांबलचक देवाचं नाव ठेवलं आणि पोराला ते म्हणता येईना. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तीन वर्षांचा झाला तरी त्याचं बोलणं म्हणजे ऊन आंबील तोंडात धरून बोलल्यासारखं. "अक्का" तेवढं स्वच्छ म्हणायचा, "अप्पा" म्हणायचा, पण जिथं जिभेचं टोक वर उचलायचं काम आलं तिथं सगळा चिखल. र नाही, ल नाही, त नाही, ट नाही. जीभ बाहेर काढ म्हटलं तर ती ओठापर्यंतसुद्धा यायची नाही आणि टोकाला मधोमध खाच पडायची, नागवेलीच्या पानाला देठाकडं असते तशी. मग उपाय सुरू झाले. वेखंड उगाळून जिभेला. मध सोन्याच्या मण्यानं चाटवून. पोपटानं चोच मारलेला पेरू शोधायला अप्पा तीन बागा हिंडले. त्यानंही काही होईना तेव्हा आत्याला नवीन सुचलं. आमच्याकडं म्हणतात की बोलक्या लेकराचं उष्टं मुक्या लेकराला दिलं की वाचा उतरते. आणि घरात माझ्याएवढं बोलकं कोण होतं? "ही काशी दिवसभर टकळी लावून असती, हिचंच द्या त्याला," आत्या म्हणाली. त्या दिवसापासून होळगी म्हणजे पुरणाची पोळी असो, गव्हाची गोड हुग्गी असो, पहिला घास माझा आणि मग तेच ताट मल्लूचं. मला काय, सणच. मी चांगले मोठे मोठे घास घ्यायची. पण त्यातही कळायचं की हे लाड माझे नाहीत, माझ्या थुंकीचे आहेत. अव्वा माझ्या तोंडाकडं बघायची ती मी लवकर आवरावं म्हणून.

तेवढ्यात माझी शाळा गेली. मी दुसरीपर्यंत शिकले होते, फडाफडा वाचायची, अंक पाठ होते. पण अव्वाला शेताला जायला लागायचं आणि मल्लूचं बोलणं माझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. पाणी, भाकर, एवढं सगळ्यांना समजायचं, पण त्यानं पुरं वाक्य बोललं की आत्या ओरडायची, "काशे, काय म्हणायलाय बघ गं हे!" मी ऐकायची आणि सांगायची, म्हणतोय, कालवड सुटली. म्हणतोय, पाय मुरगळला. कधी कसं कळायला लागलं मला ठाऊक नाही. दिवसभर कडेवर तेच तोंड कानाशी. मग अप्पा म्हणाले, "पोरीला शिकून काय तहसीलदार व्हायचंय? राहू द्या घरी लेकरापशी." झालं. आयत्या बिळावर नागोबा, तसा हा माझ्या अव्वावर येऊन बसला होता. आता शाळाही खाल्ली यानं. शाळा आमच्या घरामागंच होती. पोरं पाढे म्हणायची ते मी भांडी घासत ऐकायची आणि मनातल्या मनात पुढचा पाढा आधी म्हणून टाकायची. मल्लू जवळ बसून माझ्या तोंडाकडं बघायचा. मी त्याला चिमटा काढायची. तो रडायचा, आणि का रडतो हे घरच्यांना कोण सांगणार? मीच. म्हणायची, मुंगी चावली.

मल्लू सात वर्षांचा झाला तेव्हा अप्पांनी त्याला शाळेत घालायला नेलं. मी मागं मागं. मास्तर उदगीरकडचे होते, बारीक, पांढरी टोपी, खोकला. त्यांनी विचारलं, "नाव काय बाळ?" मल्लू म्हणाला, "मइकाउन." पोरं खिदळली. मास्तरांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या आणि अप्पांना म्हणाले, "यजमान, पोरगं हुशार आहे, डोळे सांगतात. पण मला त्याचं एक अक्षर समजत नाही. मी शिकवू कसं आणि तपासू कसं?" अप्पांचा चेहरा उतरला. आणि मी दारातूनच बोलले, "मला समजतंय की त्याचं सगळं." मास्तर माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "मग ही बसू दे त्याच्याशेजारी. तो बोलेल, ही सांगेल." असं माझं शाळेत पुन्हा पाऊल पडलं. पंधरा-वीस पोरांत मी एकटी पोरगी, भावाच्या जिभेवर चढून आत आलेली.

त्या वर्षासारखं वर्ष मला पुन्हा मिळालं नाही. एकाच खोलीत चार वर्ग. मल्लू पहिलीची बाराखडी तोंडातल्या तोंडात म्हणायचा, मी त्याचं मोठ्यानं सांगायची, आणि कान मात्र पलीकडं तिसरीच्या धड्याला. मास्तरांनी ते महिन्याभरात ओळखलं. एक दिवस काही न बोलता तिसरीचं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. दिवाळीनंतर चौथीचं. पोरीनं शाळेत दुपारी खायला नेलेल्या भाकरीला वेगळी चव असते हे मी शपथेवर सांगेन. तीच कडक भाकरी, तीच शेंगाची चटणी, पण घरी बसून खाल्लेली ती नव्हेच. घरी अप्पा म्हणायचे, "पोराचं वर्ष निघायलंय हिच्यामुळं." मी मनात म्हणायची, उलटं आहे अप्पा, पूर्ण उलटं. माझ्याबरोबरीच्या दोघींची लग्नं त्या उन्हाळ्यात ठरली. मल्लूचा चिखल होता म्हणून मी वाचले होते. पहिल्यांदाच मला त्याची जीभ आवडायला लागली. तशीच बांधलेली राहावी, अशी.

आणि मास्तरांनीच घात केला. अप्पांना म्हणाले, "बीदरला मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टर आलेत. अशी जीभ सोडवतात. दाखवून तरी या." अप्पांनी लगेच ठरवलं, बोलणाऱ्याची बोरं विकतात, उद्या पोराला अडतीवर उभं राहायचंय, असं म्हणाले. मोटारीत मल्लू खिडकीशी आणि मी मध्ये. मला कशाला नेलं? अर्थातच, तो काय बोलतो ते डॉक्टरला सांगायला. डॉक्टर उंच, गोरे, हैदराबादकडचे, उर्दू बोलायचे. "बेटा, मुँह खोलो. जबान ऊपर उठाओ." त्यांनी बोटानं जिभेखाली उचलून बघितलं, चाटायला लावलं, म्हणायला लावलं. मग अप्पांना समजावलं. सगळ्यांचीच अशी जीभ कापायची नसते, म्हणाले. कित्येक लेकरांना पडदा असतो आणि ती खातात-पितात, पोपटासारखी बोलतात. त्यांना हात लावू नये. काही उशिरा बोलतात ती दुसऱ्याच कारणानं, ऐकूच कमी येत असतं. पण याची जीभ दातांच्या पलीकडं जात नाही, वर टेकत नाही. सोडवली तर फायदा होईल. "मगर बच्चा बड़ा है अब. डरेगा, हिलेगा, तो मैं नहीं करूँगा. पूछो उसको." आणि अप्पांनी मल्लूला विचारलं, "करू का रं? दुखंल जरा."

मल्लू एका दमात बोलला. "ओऊन आका. उकअं अई अअआय आई." सगळे माझ्याकडं वळले. मला लख्ख कळलं होतं. तो म्हणाला होता, तोडून टाका, दुखलं तरी रडणार नाही. आणि मी, अकरा वर्षांची घोडी, अप्पांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, "नको म्हणायलाय. लई भ्या वाटायलंय म्हणतोय." मल्लूनं माझ्याकडं बघितलं. तसं त्यानं माझ्याकडं कधीच बघितलं नव्हतं, चिमटा काढल्यावरसुद्धा नाही. तो पुन्हा तेच बोलला, जोरात, माझ्या सांगण्यावर नाही-नाही अशी मान हलवून. अप्पा मला म्हणाले, "आता काय म्हणायलाय?" "घरी चला म्हणतोय." तिसऱ्यांदा तो बोलला तेव्हा त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि खोलीतल्या चार माणसांत एका माझ्याशिवाय कुणाला त्यातला एक शब्द कळत नव्हता. मी खाली फरशीकडं बघत होते. डॉक्टरांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, "जबरदस्ती नहीं. फिर कभी." अप्पांनी फेटा उचलला. माझ्या मनात आलं, सुटले. लाज नाही, काही नाही. सुटले, एवढंच.

आणि मल्लू टेबलावर चढला. आपल्या आपण. आडवा झाला, आ केला, आणि डॉक्टरांचं बोट धरून स्वतःच्या जिभेखाली नेऊन ठेवलं. डॉक्टर आधी हसले. "ये तो तैयार है!" मग त्यांनी हळूच माझ्याकडं बघितलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं. कसल्याशा औषधाचा बोळा लावला, जीभ चिमट्यानं वर धरली, कात्रीचा एक आवाज झाला, एक टाका घातला. भाकरी भाजायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. थोडं रक्त आलं, मल्लूच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानात गेलं, पण तो रडला नाही. निघताना डॉक्टर म्हणाले, कापून काम संपत नाही. जखम भरताना जीभ पुन्हा चिकटू शकते, म्हणून रोज वर उचलायची, टाळूला लावायची, ओठाला मध लावून चाटायला लावायचं. आणि सात वर्षांची चुकीची सवय आहे, एकेक अक्षर नव्यानं शिकवावं लागेल. "ये लड़की सिखाएगी," असं म्हणाले आणि या वेळी माझ्याकडं बघितलं नाही.

घरी आल्यावर राजाचा थाट. गार दूधभात, मऊ हुग्गी, अव्वाच्या मांडीवर डोकं. सात वर्षांचा घोडा मांडीवर! आणि अव्वा मला म्हणायची, "डॉक्टरनं सांगितलेलं करायलीस न्हवं गं?" व्हय, म्हणायची मी. आठ दिवस मी काही केलं नाही. मध मीच चाटून टाकला. नवव्या दिवशी परसात गेले तर मल्लू आत्याचा फुटका आरसा भिंतीला टेकवून बसला होता. वरच्या ओठाला त्यानं गूळ फासला होता आणि जीभ वर, वर, वर ताणत होता. टाका दुखत असणार, चेहरा वाकडा झाला होता. मला बघून म्हणाला, "अक्का, इकव." शिकव. बाकी काही नाही. बीदरचा शब्दसुद्धा काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून दिल्या असत्या. त्यात मी कुणाला हार जायची नाही. त्यानं दिल्या नाहीत. बसले समोर आणि शिकवलं.

प्रेमानं नाही शिकवलं, खोटं कशाला सांगू. रागानं शिकवलं. "टोक वर, दाताच्या मागं, मुडद्या, मागं! त. त. ताट. तूर." चुकला की मांडीवर चापट. पण ऐकायला मी बसले होते आणि माझा कान तयार होता. कुठं चुकतं ते मला त्याच्याआधी कळायचं. त आला, मग न सुधारला, ल आला. ल आला त्या दिवशी तो दिवसभर "लाल लुगडं, लाल लुगडं" म्हणत घरभर नाचला आणि अव्वा रडत हसत होती. मी चुलीपाशी बसून मनात हिशेब करत होते. एक अक्षर आलं की माझ्या शाळेचे दिवस कमी. र शेवटचा होता. तो चार महिने येईना आणि मी देवाला नवस बोलले, येऊ नको देऊ. पण रोज संध्याकाळी शिकवायची मीच. आणि एका शुक्रवारी तो आला. मल्लूनं अंगणात उभं राहून सगळा धडा वाचून दाखवला, आणि शेवटी खणखणीत म्हणाला, "मल्लिकार्जुन!" अप्पांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. आत्या म्हणाली, "काशीच्या उष्ट्याचा गुण!" अप्पा मला म्हणाले, "चांगलं केलंस पोरी. उद्या मास्तरला सांगतो आणि तुला घरी आणतो. सोयरीक बघायलोय मी." मी त्या रात्री जेवले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, मल्लूच्या पानात सगळे घास घालत होते.

दुसऱ्या दिवशी अप्पा शाळेच्या दारात उभे. "मास्तर, पोराची जीभ सुटली. आता पोरीचं काम न्हाई." मास्तर खूश झाले. "वा! वाच रे मल्लिकार्जुन, कालचा धडा." मी तोवर पाटी उचलून छातीशी धरली होती. रडायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. मल्लू पुस्तक घेऊन उभा राहिला. त्यानं पुस्तकाकडं बघितलं, मग माझ्याकडं, माझ्या हातातल्या पाटीकडं. आणि तोंड उघडलं तर तोच जुना चिखल बाहेर आला. पोरं खो खो हसली. अप्पा भडकले, "आरं ए! काल तर फडाफडा बोललास की! लाजायलास कामून?" मल्लूचे कान लाल झाले होते. पण पुन्हा तसंच, आणखी गढूळ. अप्पांनी हात उगारला तसे मास्तर मध्ये आले. "घरी येत असेल, चारचौघांत येत नाही. होतं असं. राहू द्या पोरीला अजून." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "काय वाचतोय ग तो?"

तो वाचतच नव्हता. धड्यातला एक शब्द त्यात नव्हता. तो पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता: अक्का, पाटी खाली ठेव. दीड वर्ष त्यानं ते सोंग ओढलं, मी चौथीच्या परीक्षेला बसेपर्यंत. पोरं त्याला बोबड्या म्हणायची, दगडसुद्धा मारायची, आणि तो घरी येऊन माझ्याशी स्वच्छ बोलायचा. पण त्या दिवशी मला ते पुढचं ठाऊक नव्हतं. मी पाटी खाली ठेवली, त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि सगळा धडा मोठ्यानं वाचला. अप्पा ऐकत उभे होते. आवाज माझा कापला नाही. शेजारी ते एवढंसं पोर मान खाली घालून सगळ्यांचं हसू झेलत होतं, आणि देवाशपथ सांगते, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला. त्याच्या जागी मी असते, तर मी स्वच्छ वाचलं असतं.